सुताराच्या हातची मोटार

आपली भाषा पोलादाच्या पक्षाची आहे. शूर माणसाची छाती पोलादी, अवघड काम म्हणजे लोखंडाचे चणे; लाकडाची आठवण मात्र होते ती जागचे न हलणाऱ्या माणसाला ओंडका म्हणताना, नाही तर अखेरच्या प्रवासाच्या तयारीत. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला, मोटारीचे सारे अंग एके काळी लाकडाच्या सांगाड्यावर उभे असे, हे सांगितले तर तो ऐकून घेतो, पण मनात म्हणतो, 'तेव्हा पोलाद मिळत नसेल बिचाऱ्यांना!' वस्तुस्थिती तशी नव्हती. पोलाद मिळत होते. मोटारीचा आस आणि खालची चौकट त्याचीच होती. लाकूड मोटारीतून गेले ते दुबळे म्हणून गेले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मी या इतिहासाची पाने जसजशी चाळत गेलो तसतसे मला दिसले की, लाकडाचा पराभव बळाच्या आखाड्यात झालाच नाही. तो झाला घड्याळापुढे. ती हकीकत फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याजोगी आहे, म्हणून येथे सांगतो.

मोटार जन्माला आली ती घोडागाडीच्या घरात. घोडा गेला, एंजिन आले. पण बसायची जागा, दारे, टप, पायरी हे सगळे करणारे हात तेच राहिले. आपल्याकडे बैलगाडीचा तुंबा आणि आरे सुताराने घडवायचे आणि लोहाराने तापवलेली धाव वर चढवायची, तशीच तेथेही या दोन कारागिरांची जोडी होती. आपल्या बाभळीचे काम विलायतेत ॲश नावाचे झाड करी. त्याचे लाकूड चिवट. धक्का बसला तर लवते, पण सहसा तुटत नाही. या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर पत्रा ठोकायचा, ही गाडीकारांची रीत मोटारीने जशीच्या तशी उचलली. अमेरिकेत १९०८ साली डेट्रॉइटला मोटारींच्या बॉड्या बनवणारा कारखाना काढणारे फिशर बंधू असेच गाडीकाराच्या घरचे. पुढे त्यांचा कारखाना जनरल मोटर्सच्या पदरी गेला, तरी त्याच्या बिल्ल्यावरचे चित्र घोडागाडीचेच राहिले.

लाकूड किती लागत असेल? हेन्री फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी मोटार घ्या. तिच्या एका नगाला सुमारे १०० बोर्ड फूट, म्हणजे सव्वाआठ घनफूट लाकूड लागे. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी मोटारी निघाल्या. लाकडाच्या भावावर दुसऱ्याची सत्ता राहू नये म्हणून फोर्डने १९२० साली मिशिगनच्या उत्तर भागात तीन लाख एकरांहून अधिक जंगलच विकत घेतले आणि तेथे करवती आणि लाकूड सुकवण्याच्या भट्ट्या उभारल्या. त्या गावाचे नाव आयर्न माउंटन, म्हणजे लोखंडाचा डोंगर! लोखंडाच्या डोंगरात फोर्ड लाकूड शोधत आला, हा नियतीचा विनोदच. कोणतीही गोष्ट वाया घालवणे त्याला पटत नसे; उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून तोही तो विकू लागला. त्या कोळशाला पुढे मिळालेले किंग्जफर्ड हे नाव अमेरिकेत आजही घरोघरी ठाऊक आहे.

आता बळाचा हिशेब पाहू. पोलाद ॲशच्या लाकडापेक्षा सुमारे अकरा पट जड असते आणि ताठपणात सुमारे सोळा पट सरस. म्हणजे ओढ सोसण्याच्या कामी समान वजनाच्या पट्ट्या घेतल्या, तर पोलाद फार तर दीडपट पुढे. पण वाकण्याचा प्रश्न आला की गंमत होते. पोलादाच्या पत्र्याइतक्याच लांबीरुंदीची आणि तितक्याच वजनाची फळी अकरा पट जाड असते, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. पत्रा आणि फळी यांच्या या सामन्यात पोलाद कोठल्या कोठे मागे राहते. लाकडाचा दोष निराळाच आहे: ते धाग्याच्या दिशेने बळकट आणि आडवे कच्चे. त्यावरचा तोडगा म्हणजे पातळ थर एकमेकांवर उभेआडवे चिकटवून केलेले प्लायवुड.

असे असता डाव हातचा गेला कसा? १९१२ साली फिलाडेल्फियात एडवर्ड बड याने कारखाना काढला आणि जोसेफ लेडविंका या कसबी तंत्रज्ञाच्या मदतीने पत्रा साच्यात दाबून, जोडकाम करून, लाकडावाचून संपूर्ण बॉडी उभी करण्याचा उद्योग आरंभला. १९१४ साली डॉज बंधूंनी आपली पहिली मोटार बाजारात आणली ती बडच्या पोलादी अंगाची. आता रंगाची गोष्ट ऐका, कारण माझ्या मते खरा निकाल तेथेच लागला. घोडागाडीच्या रीतीने रंग द्यायचा म्हणजे हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. एका गाडीला तीन-चार आठवडे सहज लागत आणि तोवर तिने नुसती जागा अडवायची. पोलादी बॉडी मात्र रंग लावून सरळ भट्टीत ढकलता येई. लाकडी सांगाडा त्या आचेत घातला तर तडकायचा, सांधे सुटायचे. १९२० नंतर ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग निघाला आणि लाकडाला थोडी उसंत मिळाली; पण तोवर कारखान्याला घाईची चटक लागली होती.

लाकूड मुळातच सावकाश चालणारे. झाड वाढायला पाऊणशे वर्षे, तोडल्यावर मुरायला काही हंगाम, मग प्रत्येक तुकडा पारखून, रंधून, दुसऱ्याशी जुळवायचा. अनारशाच्या पिठाला जशी घाई चालत नाही, तशी लाकडालाही चालत नाही. साच्याखालचा पत्रा मात्र क्षणात दार होतो, आणि हजारावे दार पहिल्यासारखेच असते. पहिला साचा महाग. पण लाखभर मोटारी काढायच्या असतील, तर तो खर्च प्रत्येक मोटारीमागे किरकोळ होतो.

लाकडाचे दोषही लपवू नयेत. रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे ढिले होत आणि गाडी कुरकुरू लागे. शार्ल वेमान नावाच्या गृहस्थाने यावर उपाय काढला: सांध्यात दोन लाकडांचा एकमेकांना स्पर्शच होऊ द्यायचा नाही, मध्ये लोखंडी पट्टी ठेवायची आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणायचे. १९२० नंतरची काही वर्षे या कापडी गाड्या युरोपात ऐटीच्या मानल्या जात. पण पाणी शिरले की लाकूड कुजे, ते राहिलेच. शिवाय टक्कर झाली तर पोलाद चुरगळून आघात गिळते, लाकडाच्या ढलप्या होतात.

१९२४ साली सिट्रोएनने बडची विद्या पॅरिसला नेली, १९२६ साली ती इंग्लंडात कौलीला पोचली, आणि १९३५च्या मोटारींसाठी फिशरच्या कारखान्याने अखंड पोलादी छप्पर काढले. त्याआधी टपाच्या मध्यभागी लाकडी पट्ट्यांवर ताणलेले कापड असे. गंमत अशी की याच फिशर कंपनीने १९३० पासून मुलांसाठी एक मोठी स्पर्धा चालवली होती: नेपोलियनच्या थाटाच्या घोडागाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती घरी बनवायची. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च मिळे. कारखान्यातून जे हस्तकौशल्य हद्दपार होत होते, त्याला मुलांच्या टेबलावर मखर बांधून देण्यात आले.

तरी लाकूड पुरते गेले नाही. पोलादाची चणचण झाली की सुताराला बोलावणे येई. घरात कार्य निघाले की गावाकडच्या दूरच्या काकांची आठवण होते, तसेच. १९३१ साली जर्मनीत डीकेडब्ल्यू कंपनीने एक स्वस्त लहान मोटार काढली. तिची बॉडी प्लायवुडची, वर नकली चामड्याचे अस्तर. दुसऱ्या महायुद्धात तर लाकडाने कमालच केली. इंग्लंडात धातू आणि धातूचे कारागीर दोन्ही दुर्मीळ झाले, पण खुर्च्या-कपाटे आणि पियानो बनवणारे कारागीर हाताशी होते. त्यांच्या जोरावर डी हॅविलंड कंपनीने मॉस्किटो हे विमान उभे केले. मध्ये बाल्सा हे अतिहलके लाकूड, दोन्ही बाजूंना बर्चचे प्लायवुड. धड शेंगेसारखे दोन फाकांत साच्यावर करायचे आणि मग जोडायचे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले आणि वेगात त्याने बहुतेक समकालीन विमानांना मागे टाकले. अशी ७,७०० हून अधिक विमाने निघाली. मात्र १९४४ साली हिंदुस्थानात आलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत निकामी झाले. चौकशीत बांधणीतल्या चुका दिसल्या, आणि आपल्या दमट उष्म्यात सांध्यांचा कस लागतो हेही ध्यानी आले. लाकडाइतकाच सरसही भरवशाचा हवा, हा धडा महाग पडला. तिकडे आयर्न माउंटनला फोर्डचे सुतार युद्धासाठी एंजिनावाचून तरंगणारी ग्लायडर विमाने बनवत होते. युद्ध संपले, लाकडी मोटारींची फॅशन ओसरली आणि १९५१ साली तो कारखाना बंद झाला.

विमानाची ही विद्या मोटारीत आणली फ्रँक कॉस्टिन याने. तो डी हॅविलंडमधला वायुगतीचा जाणकार. जेम मार्श या जोडीदाराबरोबर त्याने १९५९ साली मार्कोस ही शर्यतीची मोटार काढली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. तिची खालची चौकटसुद्धा प्लायवुडची होती. पोलादाला त्याच्या हक्काच्या जागेवरून उठवण्याचे हे धाडस. मोटार दिसायला विचित्र, पण हलकी आणि चपळ. पुढे तीन वेळा जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट उमेदवारीच्या दिवसांत ती चालवून जिंकला. दहाएक वर्षांनी मार्कोसनेही पोलादी चौकट पत्करली. लाकडी चौकट मोडत होती म्हणून का? नाही. शेकडो तुकडे कापून चिकटवत बसण्यापेक्षा पोलादी नळ्या जोडणे लवकर आणि स्वस्तात होई. पुन्हा घड्याळच!

इंग्लंडातल्या माल्व्हर्न गावी मॉर्गन कंपनी मात्र आजही ॲशच्या लाकडाचा सांगाडा करते. मॉर्गन मोटारीची चौकटच लाकडी असते अशी एक दंतकथा आहे. ती खरी नव्हे. चौकट पूर्वी पोलादी होती, आता ॲल्युमिनियमची आहे. लाकूड तिच्यावरच्या अंगाला. तिच्या थोड्या गाड्या निघतात आणि गिऱ्हाईक थांबायला तयार असते, म्हणून सुतार टिकला.

आपल्या मुलखात तरी दुसरे काय झाले? १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी निघाली तेव्हा तिची बॉडी लाकडी होती आणि वर कापडी छप्पर. पुढे गाड्या हजारोंनी हव्या झाल्या आणि एस.टी.च्या कार्यशाळांत धातूच्या बॉड्या बनू लागल्या. ट्रकांच्या मागच्या बॉडीत मात्र लाकूड पुष्कळ काळ राहिले, कारण ट्रकवाला कंपनीकडून चौकट आणि एंजिन घेई आणि फळ्यांचे काम रस्त्याकडेच्या सुताराकडून आपल्या गरजेप्रमाणे करून घेई. फळी फुटली तर ती बदलायला कोणत्याही गावचा सुतार चाले. दुरुस्तीची ही सोय साच्यातल्या पत्र्याला कधीच साधली नाही.

हे सगळे आज का आठवावे? विजेच्या मोटारी आल्या, बॅटरीचे ओझे वाढले आणि वजनाचा हिशेब पुन्हा मांडणे आले. २०१८ साली अमेरिकेत मेरीलंड विद्यापीठातील संशोधकांनी लाकूड रसायनात उकळून, त्यातले काही घटक काढून, तापवून दाबले. ते मूळ जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आले आणि बळ दसपटीहून वाढले. जपानात क्योतो विद्यापीठाच्या पुढाकाराने लाकडाच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून केलेल्या भागांची एक नमुना-मोटार २०१९ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. पोलादाच्या पाचव्या हिश्शाचे वजन आणि पाचपट बळ, असा त्या तंतूंचा लौकिक आहे. उद्या रस्तोरस्ती लाकडी मोटारी धावतील असे भाकीत मी करणार नाही. प्रयोगशाळेतले बळ आणि कारखान्यातला भाव यांच्यामध्ये तेच जुने घड्याळ उभे आहे.

पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जिंकला तो श्रेष्ठ आणि हरला तो नालायक, असे आपण इतिहासाबद्दल फार चटकन म्हणतो. लाकूड हरले म्हणून ते दुबळे ठरले, आणि त्याबरोबर ते ओळखणारा हातही अडाणी ठरला. आज प्रयोगशाळा लाकडाकडे पुन्हा वळल्या आहेत. तंतू कोणत्या दिशेला धावतो, कोणते लाकूड लवेल आणि कोणते तुटेल, हे त्यांना यंत्रांनी मोजून शोधावे लागते. आपल्या गावच्या सुताराला ते अंगठा फिरवून कळत असे. झाड पुन्हा लावता येते. तो अंगठा तयार व्हायला मात्र पिढ्या लागतात.