पेट्रोलचा उपास

दर दोन-तीन वर्षांनी मंदिरातल्या बायकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोच. अमुक तारखेला कुणीही गाडीत पेट्रोल भरायचं नाही. एक दिवस सगळ्यांनी कळ काढली की कंपन्या नाक घासत येतील आणि भाव उतरेल. मागच्या खेपेला आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "उपास करायची सवय आपल्याला आहेच की. एक पेट्रोलचा करू!"

काकूंचं बोलणं हसण्यावारी नेऊ नये. उत्तर त्यातच आहे. आपल्या प्रोषधोपवासात आदल्या दिवशी एकभुक्त, मध्ये उपास आणि दुसऱ्या दिवशीही एकभुक्त. तिन्ही दिवस मिळून पोटात कमीच जातं. पेट्रोलच्या उपासात मात्र आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पंपावर रांग लावायची. महिन्याच्या हिशेबात एक थेंब कमी होत नाही. तेल विकणाऱ्याने घाबरावं कशाला?

हैदराबादने असा दिवस पाहिलाही आहे, वेगळ्या कारणाने. २ जानेवारी २०२४. नव्या कायद्यातल्या अपघाताच्या शिक्षेविरुद्ध ट्रक-टँकरवाल्यांचा संप होता. शहरभर पंपांवर रांगा, कितीतरी पंप कोरडे. चंचलगुड्यात तर झोमॅटोचा एक पोरगा घोड्यावर बसून डबा पोचवायला निघाला, ते चित्र देशभर गेलं. संप मिटला, पंप पुन्हा भरले. भाव आदल्या दिवशी लिटरला १०९ रुपये ६६ पैसे होता, नंतरही तेवढाच.

मग तेलाचा भाव कधी पडलाच नाही का? पडला आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरात पडला आहे. तेव्हा पेट्रोलशी बायकांचा संबंध नव्हता. संबंध होता रॉकेलशी. हा शब्द 'रॉक ऑइल'चा, आणि घासलेट हा 'गॅसलाइट'चा. इंग्रजी तेल घरात आलं आणि मराठी होऊन बसलं. तेल संपलं तरी डबा टाकला जायचा नाही. त्यात धान्य, पाणी, पापड. ते तेल इथे विकणाऱ्या कंपन्या मोजक्या. ब्रह्मदेशातलं तेल काढणारी बर्मा ऑइल आणि रॉयल डच-शेल यांचं आपसांत जमलेलं होतं. समोर अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यूयॉर्क. भाव तेच ठरवायचे. आमच्या संस्थानात बाहेरून येणाऱ्या मालावर निजामाची करोडगिरी लागायची, ती वेगळीच.

१९२७ साली गंमत झाली. रशियात क्रांतीनंतर बोल्शेविकांनी तेलाच्या विहिरी सरकारजमा केल्या होत्या, त्यांत शेलच्याही होत्या. शेलचे प्रमुख हेन्री डिटर्डिंग त्या तेलाला चोरीचं तेल म्हणायचे. न्यूयॉर्कच्या कंपनीने मात्र तेच रशियन रॉकेल स्वस्तात घेऊन हिंदुस्थानात विकायला आणलं. डिटर्डिंग भडकले आणि त्यांनी इथला भाव पाडला. अमेरिकनांनीही पाडला. दोन श्रीमंतांच्या भांडणात खेड्यापाड्यांतल्या चिमणीला स्वस्त तेल मिळालं. कुठल्याही बाईने बहिष्कार घातला नव्हता, कुणी सभा घेतली नव्हती.

पण ते सुख टिकलं किती? १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल यांनी इथली विक्री एकत्र करून बर्मा-शेल ही कंपनी काढली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या आक्नाकॅरी नावाच्या किल्ल्यात जगातले बडे तेलवाले जमले. बाहेर सांगायला पक्ष्यांची शिकार होती, आत वाटणी झाली: आज ज्याचा जेवढा बाजार, तेवढाच त्याने ठेवायचा, एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. भांडण मिटलं की गिऱ्हाइकाचे दिवस संपतात. भाजीवाल्या दोघी शेजारी शेजारी बसून एकाच दराने वांगी देऊ लागल्या की आपल्याला कळतंच ना!

रशियाचं तेल दुसऱ्यांदा उपयोगी पडलं ते १९६० मध्ये. आता सरकार आपलं होतं आणि तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय. रशियाने कच्चं तेल स्वस्तात देऊ केलं. परदेशी कंपन्यांनी आपल्या कारखान्यांत ते शुद्ध करायला साफ नकार दिला, पण दुसरा विकणारा दारात उभा आहे म्हटल्यावर स्वतःच्या तेलावर सूट मात्र द्यावी लागली. १९५९ मध्ये काढलेल्या सरकारी इंडियन ऑइलने मग रशियाकडून तयार रॉकेल आणि डिझेल आणायला सुरुवात केली. १९६१ मध्ये के. आर. दामले यांच्या समितीने कंपन्यांच्या हिशेबात बोट घातलं आणि दर खाली आले. इथे घेणारा एक होता, मोठा होता, आणि 'तुझं नको, त्याचं घेतो' म्हणण्याची त्याला सोय होती. बहिष्कार चालतो तो असा.

आपल्याला ती सोय आहे का? देशातले बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे. जुन्या बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली, एस्सोची हिंदुस्तान. तिघींच्या पाट्यांवर भावात फरक असलाच तर पैशांचा. या पंपावरून उठून त्या पंपावर गेलं तर रुसलो कुणावर?

कुणी म्हणेल, एक दिवस नको, महिनाभर करू. तोही प्रयोग झाला आहे. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. देशात पेट्रोलची विक्री आदल्या वर्षीच्या मानाने साठ टक्क्यांनी घटली. एवढा कडकडीत उपास कुठल्याही निरोपाने घडला नसता. जगात कच्चं तेल मातीमोल झालं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या बाजारात त्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. आणि पंपावर? मार्चच्या मध्यापासून ८२ दिवस कंपन्यांनी दर हलवलाच नाही. मधल्या काळात केंद्राने मार्चमध्ये लिटरमागे ३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. तेल स्वस्त झालं त्याची जागा कराने भरली. ७ जूनपासून दर हलू लागले ते वरच, रोज, सलग तीन आठवडे. आम्ही घरात बसून वाचवलं ते असं गेलं. माझा तरी त्यानंतर या निरोपांवरचा विश्वास उडाला.

तिसऱ्यांदा रशियाचं तेल आलं २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर. भारताने ते सवलतीत भरपूर घेतलं. पण या वेळी पंपावर भांडायला दुसरा कोणी नव्हता. आधी महाग तेल बांधलेल्या दरात विकून आलेली खोट भरून काढतोय, असं कंपन्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं नाही. तरी हैदराबादचा १०९ चा आकडा मे २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तसाच राहिला, आणि मग निवडणुकीच्या तोंडावर दोन रुपयांनी उतरला.

त्याआधी तो ११९ वर होता. तिथून १०९ वर आला तो केंद्राने ८ रुपये कर कमी केला म्हणून. त्याच्याही आधी, ३ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये सोडले होते. आदल्याच दिवशी पोटनिवडणुकांचे निकाल लागले होते आणि सत्ताधाऱ्यांना काही ठिकाणी चांगलाच फटका बसला होता. बऱ्याच राज्यांनी मग आपलाही कर उतरवला. तेलंगणाने नाही. इथे पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट आहे. करोडगिरी गेली, पण जागा रिकामी राहिली नाही.

मुंबईच्या बायकांना ही नस १९७२ मध्येच सापडली होती. दुष्काळाचं वर्ष, धान्य, तेल, रॉकेल सगळं महागलेलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. त्यांनी कुणाला स्टोव्ह बंद ठेवा असं सांगितलं नाही. सांगून चाललं नसतं, कारण त्यात आपल्याच घरची चूल विझते. आजही पेट्रोल न भरण्याची चैन ज्याच्या दारात दुसरी गाडी आहे त्याला. दिवसभर भाडी मारणाऱ्या रिक्षावाल्याला ती नाही. त्या बाया लाटणी हातात घेऊन, थाळ्या बडवत निघाल्या त्या दर ठरवणाऱ्यांच्या दारात, मंत्र्यांकडे. हजारोंनी निघाल्या, आणि एका दिवसात परतल्या नाहीत. पुढची दोन-तीन वर्षं जात राहिल्या.

आपल्याकडे दिग्व्रत आहे, अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही असा नियम. तो ज्यांनी मनापासून पाळला त्यांचं पेट्रोलचं बिल नक्की कमी होतं. बिल, भाव नव्हे. चातुर्मासापुरता मीही घेतला होता.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो ३५ टक्केवाला बसतो कुठे?"

"हुसेनसागरच्या काठी, नव्या सचिवालयात."

"तिथे बस जाते ना?"