मोडीचा भाव

आज नागपुरात चांगल्यापैकी कढई किंवा तवा घेतला की खोक्यातून एक कार्ड निघते. त्यावर ठळक अक्षरांत ‘आजीवन वॉरंटी’ आणि खाली बारीक अक्षरांत अटी. पोचा, ओरखडा, रिकामे भांडे जास्त तापवणे, खानावळीतला वापर, जपून न ठेवलेले बिल या साऱ्या गोष्टी वगळल्या की हाती उरतो तो घडणीतला मूळ दोष, आणि तोही कंपनीला मान्य झाला तरच. हा सौदा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण बिघडलेले भांडे बदलून मिळण्याची सोय ही नव्या बाजाराने दिलेली देणगी आहे, हा समज मात्र तपासून पाहायला हवा. इतवारीच्या भांडेबाजारात ती सोय कार्डाच्या कितीतरी आधीपासून होती. ती कोणाच्या शब्दावर टिकून नव्हती. धातू पुन्हा वितळतो एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती.

जुन्या मध्य प्रांतात हा धंदा केवढा होता याची कल्पना सरकारी नोंदींवरून येते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात १९११ ची कासारांची संख्या मध्य प्रांत व वऱ्हाड मिळून २० हजार दिली आहे. तांबट पत्रा ठोकून भांडे घडवत, कासारांकडे ओतकाम आणि विक्री. नागपूरहून जेमतेम साठ किलोमीटरवरचे भंडारा तर पितळकामासाठीच ओळखले जाई. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोचली आणि विलायती तांब्या-पितळेचा तयार पत्रा सहज मिळू लागला. तरी नव्या मालाइतकाच घरोघरचा जुना धातूही या धंद्याचा कच्चा माल राहिला, आणि ग्राहकाची खरी ताकद तिथेच होती.

व्यवहार असा चाले. बूड गेलेला गंज किंवा फुटका गुंड दुकानात यायचा. बुडाची काजळी खरवडली जाई, लोखंडी कडी उचकटून बाजूला ठेवली जाई, मग भांडे तराजूत. झाळलेल्या जागी कथील-शिसे असे, त्यापोटी घट धरली जाई. उरलेल्या वजनाला मोडीचा भाव लागे आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढे पैसे वजा होत. म्हणजे गिऱ्हाईक खरे तर घडणावळ, घट आणि दोन भावांमधला फरक एवढेच मोजे. भांडे कोणी घडवले, कोणत्या साली घेतले, बिल कुठे आहे, हे कोणी विचारत नसे. पोचा पडला, मुलाने आपटले, चुलीवर जळले, कारण काहीही चाले. काशाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील यांचा हा धातू ठिसूळ असतो. काशाची थाळी तडकली की ठोकून सांधता येत नाही. तिला वितळवण्यावाचून गती नाही, म्हणून तिची मोडच व्हायची.

यावर पहिला आक्षेप येईल की पैसे मोजावे लागत असतील तर ती हमी कसली? बरोबर आहे, फुकट काही नव्हते. पण भांड्याच्या किमतीतला मोठा वाटा धातूचा असे, आणि तो वाटा बहुतांशी शाबूत राही. कार्डावरची हमी कंपनी आहे तोवरच. मोडीला मात्र मूळ दुकान बंद पडले तरी शेजारचे दुकान चाले. दुसरा आक्षेप फसवणुकीचा. काटा मारणे, घट फुगवणे, काशात हलका धातू मिसळणे हे सगळे होत असणार. व्यापारी काही संत नव्हते. मात्र वजन चारचौघांत होई, कासे वाजवून पारखता येई आणि भाव पटला नाही तर पुढच्या दुकानाची पायरी चढता येई. कंपनीच्या तपासणीचा निकाल ग्राहकाला असा शेजारी जाऊन पडताळता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ही सोय ज्याच्या घरात धातू होता त्याची. गरिबाच्या चुलीवर मडके असे, आणि फुटक्या मडक्याला मोड नाही. शिवाय धातू बाळगणे हा निव्वळ पैशाचा प्रश्नही नव्हता. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी नेले म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये ही घटना नोंदवली आहे. ज्यांना तांब्याचा हंडा मिरवू दिला जात नव्हता, त्यांना मोडीच्या भावाची महती कोणत्या तोंडाने सांगायची?

मग ही रीत मोडली कशाने? लोकांची आवड बदलली, हे उत्तर अर्धेच आहे. कल्हई, चिंच, राख आणि मनगटाचा जोर यांतून स्टीलने बायकांची सुटका केली. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट वरण कळकत असे, तीही कटकट गेली. हा फायदा खरा होता. पण कथील २३२ अंशांना वितळते, पितळ नऊशेच्या आसपास. भाता आणि कोळसा असला की गल्लीतल्या कारागिराला ते जमते. स्टेनलेस स्टीलला चौदाशेच्या वर जावे लागते. ते काम कारखान्याचे. नॉनस्टिकमध्ये तर टिकायचा असतो तो धातूवरचा लेप, आणि लेप उडालेल्या तव्याला भंगारवाला ॲल्युमिनियमचा भाव देतो, तोही नाक मुरडून. दुरुस्ती आणि बदल गल्लीच्या हातून निसटले, तेव्हा छापील वचनाची गरज पडली. माझ्या मते वॉरंटीचे कार्ड ही या निसटण्याची भरपाई आहे.

तांब्याच्या टंचाईनेही हातभार लावला. स्वातंत्र्यानंतर तांबे मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावे लागे आणि आयातीवर निर्बंध होते. जुन्या मध्य प्रांतातल्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी तांब्याची खाण सुरू झाली ती १९८२ मध्ये, मांडणीवर स्टील चढून बसल्यावर! आता काही घरांत पितळ हौसेने परतते आहे. ते किलोवर मिळते आणि मोडही घेतली जाते. अडते ते कल्हईपाशी, कारण नवसागर आणि भाता घेऊन दारावर येणारा माणूस क्वचितच दिसतो.