घटनेचे गुरुजी : प्राचार्य सत्यरंजन साठे

आपल्या शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला नाथसागराचे पाणी पसरलेले आहे. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि कित्येकांच्या वडिलार्जित जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. ज्याची जमीन जाते त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की सरकारला माझी जमीन घेता येते का? आणि येत असेल, तर सरकारला अडवणारे कोणी आहे की नाही?

असले प्रश्न जन्मभर शिकवणारे एक गुरुजी पुण्यात होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. सत्यरंजन साठे, जन्म १९३१ चा. मुंबई विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला. पुढे १९७६ ते १९९१ पर्यंत ते पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते न्यायाधीश झाले नाहीत की मंत्री झाले नाहीत. त्यांनी शिकवले आणि लिहिले.

आता त्यांच्या अभ्यासाचा विषय पाहा. पंजाबात गोलकनाथ नावाच्या कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. कमाल धारणेच्या कायद्याने ती जाऊ लागली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७ साली न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले, की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी, १९६८ साली, साठ्यांचे मूलभूत हक्क आणि घटनादुरुस्ती या विषयावरचे इंग्रजी पुस्तक मुंबई विद्यापीठाने काढले.

तुम्ही म्हणाल, एवढा खल कशाला? अहो, एकाची जमीन वाचली तर दुसरा भूमिहीनच राहतो. दोघेही शेतकरीच. मग शेवटचा शब्द कोणाचा? लोकांनी निवडलेल्या संसदेचा, की न्यायालयाचा? १९७३ साली केरळातल्या एका मठाधिपतींच्या, केशवानंद भारतींच्या, खटल्यात तेरा न्यायाधीश बसले. सात विरुद्ध सहा मतांनी ठरले ते असे : संसदेने घटना जरूर बदलावी, मात्र तिचा मूळ गाभा मोडू नये.

आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धांना सुटकेसाठी दाद मागता येणार नाही असे याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. न्यायालयाची पत गेली. पुढे त्याने आपले दार गरिबांसाठी उघडले. साध्या पत्रालाही अर्ज मानून सुनावणी होऊ लागली. हा सारा पालट साठ्यांनी २००२ सालच्या न्यायालयीन सक्रियतेवरील ग्रंथात मांडला. न्यायालयाजवळ फौज नाही, खजिना नाही. लोकांचा विश्वास हेच त्याचे बळ, हे त्या विवेचनाचे सार. पण न्यायालयानेही आपला बांध ओलांडताना जपावे, हेही त्यांनी सांगितले. शेजाऱ्याचा बांध कोरला की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

१० मार्च २००६ रोजी साठे सर वारले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला. तरी कलम ३००-क सांगते, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे सरकारला जमीन घेता येते, पण मन मानेल तशी नव्हे.

शिक्षकबंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला कलमे पाठ करून घेण्याआधी मुलांना हा नाथसागराचा प्रश्न घाला. उत्तर शोधताना घटना त्यांना आपल्या घरची वाटू लागेल.