अ‍ॅडमिरल वॉटसनची सही

अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन हें नांव महाराष्ट्राला परिचित आहे, तें विजयदुर्ग घेणारा म्हणून. परंतु या दर्यावर्दी सेनानीच्या स्वभावाची खरी कसोटी लागली ती तोफांच्या माऱ्यांत नव्हे, एका कागदावर.

वॉटसनचा जन्म १७१४ सालचा. १७२८ सालीं तो इंग्लंडच्या राजाच्या आरमारांत शिरला. १७४७ सालीं फ्रेंचांशीं झालेल्या सागरी लढायांत त्यानें लौकिक मिळविला व पुढच्याच वर्षीं तो रिअर अ‍ॅडमिरल झाला. १७५४ सालीं त्याची रवानगी हिंदुस्थानाकडे झाली.

१७५६ च्या फेब्रुवारींत त्यानें तुळाजी आंग्र्याच्या विजयदुर्गावर तोफा डागल्या. आंग्र्याचें आरमार जळून खाक झालें आणि १३ तारखेस किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. पेशवे या मोहिमेंत इंग्रजांचे दोस्त होते. तरीही लुटींत मराठ्यांचा वांटा ठेवावयाचा नाहीं, हें वॉटसन, क्लाइव्ह प्रभृतींनीं निघण्यापूर्वींच ठरविलें होतें. सुमारें दहा लाख रुपयांची ती लूट त्याप्रमाणेंच वांटली गेली.

पुढें वॉटसनचीं जहाजें बंगालकडे वळलीं. १७५७ सालीं २ जानेवारीस कलकत्ता व २३ मार्चला चंद्रनगर पडलें. मग सिराजउद्दौल्यास पदच्युत करून मीर जाफरास नबाब करण्याचा कट शिजला. त्यांतील मध्यस्थ सावकार अमीचंद यानें गुपित फोडण्याची धमकी देऊन तीस लाख रुपये मागितले. तेव्हां क्लाइव्हनें दोन करार लिहविले : पांढऱ्या कागदावरचा खरा, तांबड्यावरचा खोटा. अमीचंदाची रक्कम फक्त तांबड्यांत होती. वॉटसननें पांढऱ्या कागदावर सही केली. तांबड्यावर करण्याचें साफ नाकारलें. अखेर त्याचें नांव दुसऱ्याच्या हातून घालण्यांत आलें. २३ जूनला प्लासीची लढाई झाली आणि त्यानंतर अमीचंदास आपण फसलों हें कळलें.

१६ ऑगस्ट १७५७ रोजीं वॉटसन कलकत्त्यास वारला. १७७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें क्लाइव्हनें सांगितलें कीं, वॉटसननें सही नाकारली, तरी आपलें नांव घालण्यास परवानगी दिल्याचें आपणांस स्मरतें. त्यावर उत्तर देण्यास वॉटसन हयात नव्हता. एवढें मात्र निर्विवाद कीं, खोटी सही करण्यास त्याचा हात धजला नाहीं. पण खोटा कागद तयार होत असल्याचें ठाऊक असूनही त्यानें तो अमीचंदापुढें उघड केला नाहीं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंतील त्याच्या स्मारकावर विजयदुर्ग, कलकत्ता व चंद्रनगर हीं तिन्ही नांवें कोरलेलीं आहेत. तांबड्या कागदाचा उल्लेख तेथें नाहीं.