पवित्रीकरणाचे माप: थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील सहा वचनांवर भाष्य

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारात दिवसभर ठोक मालाच्या वह्या लिहून तू संध्याकाळी शास्त्र उघडतोस आणि विचारतोस, ख्रिस्ती माणसाने देहाचा व्यवहार कसा ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर चौथ्या अध्यायाच्या ३ ते ८ या वचनांत आहे. मूळ वचने समोर उघडून ठेव. इथे मी त्यांचा आशय माझ्या शब्दांत देतो.

आधी प्रसंग. पौलाने हे पत्र इ. स. ५० च्या सुमारास करिंथहून लिहिले. बहुतेक अभ्यासक ते नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण मानतात. थेस्सलनीका ही मासेदोनियाची राजधानी, बंदराचे आणि मोठ्या रोमन हमरस्त्यावरचे शहर; म्हणजे व्यापाराचे गाव. पौल तिथे स्वतःच्या हातांनी कष्ट करून राहिला, हे याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येते. त्या समाजात स्वतंत्र पुरुषाने वेश्येकडे जाणे किंवा घरातल्या गुलामाचा देह वापरणे याला सहसा कोणी दोष देत नसे. दोष होता तो दुसऱ्या नागरिकाच्या बायकोकडे जाण्यात. ही वचने त्या चालीच्या विरोधात उभी आहेत.

वचन ३, पूर्वार्ध. आशय: तुमचे पवित्रीकरण व्हावे, हीच देवाची इच्छा आहे.

पवित्रीकरण, ग्रीकमध्ये ‘हागिआस्मोस’, म्हणजे देवासाठी वेगळे केले जाणे. हा शब्द या सहा वचनांत तीनदा येतो: तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या वचनात. याचा अर्थ, संयमाच्या आधी मालकीचा प्रश्न आहे: हा देह कोणाचा? सोवळ्याशी याची गल्लत करू नकोस. सोवळे बाहेरच्या स्पर्शाने मोडते. इथले पावित्र्य आपण दुसऱ्याशी जे करतो त्याने मोडते. हे पुढे सहाव्या वचनात सिद्ध होईल.

वचन ३, उत्तरार्ध. आशय: जारकर्मापासून स्वतःला दूर ठेवा.

मूळ शब्द ‘पोर्नेइया’. त्याचे नाते ‘पोर्ने’ म्हणजे वेश्या या शब्दाशी, आणि तो शब्द विकणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. पौलाच्या वापरात त्याचा विस्तार मोठा आहे. विवाहाबाहेरचा सगळा शरीरसंबंध त्यात येतो. पण कशापासून दूर राहायचे? कृत्यापासून, माणसांपासून नव्हे. करिंथकरांस पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पौल स्वतः खुलासा करतो: जगातल्या पापी माणसांशी संबंध तोडायचा तर जगच सोडावे लागेल. म्हणजे या वचनाच्या आधारे मंडळीबाहेरच्या कोणाला वाळीत टाकता येत नाही.

वचन ४. आशय: प्रत्येकाने आपले ‘पात्र’ पवित्रतेने आणि आदराने मिळवायला किंवा राखायला शिकावे.

इथे फार जुना मतभेद आहे. ‘पात्र’ (ग्रीक ‘स्केउओस’) म्हणजे काय? ऑगस्टीनच्या मते पत्नी. क्रिसोस्तोम आणि कॅल्विन यांच्या मते स्वतःचे शरीर. पहिल्या पक्षाचा आधार क्रियापदात आहे: त्याचा सरळ अर्थ ‘मिळवणे’, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात रूथच्या गोष्टीत बवाज पत्नी मिळवतो तिथे तेच क्रियापद येते. दुसऱ्या पक्षाचा आधार असा की करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल माणसाच्या नश्वर जिण्याला मातीचे पात्र म्हणतो. शिवाय इथे ‘प्रत्येकाने’ असे आहे, आणि अविवाहित राहणेही पौल चांगलेच मानतो.

मला दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. ‘मिळवणे’ म्हणजे मग स्वतःच्या देहावर ताबा मिळवणे. यातून दोन गोष्टी निघतात. अविवाहित माणूस पवित्रतेत उणा नाही. आणि हा ताबा जन्मतः येत नाही. वचनात ‘शिकावे’ असा भाव आहे, म्हणजे चुकत, सावरत, दुसऱ्यांच्या सोबतीने तो येतो. पहिला पक्ष घेतलास तरी ‘आदराने’ हे पद सोडता येत नाही. याचा अर्थ, लग्न झाले म्हणून पत्नीवर जबरदस्ती करण्याची मुभा या वचनात कोणत्याही वाचनाने मिळत नाही.

वचन ५. आशय: देवाला न ओळखणाऱ्या लोकांसारखे वासनेच्या आवेगात वागू नका.

‘वासना’ या शब्दापाशी थांब. मूळ शब्द ‘एपिथुमिया’. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, थेस्सलनीकाकरांना भेटण्याची आपली तीव्र ओढ सांगताना पौल तोच शब्द वापरतो. म्हणजे इच्छा स्वतः पाप नव्हे. इथे तिला ‘आवेग’ हे पद जोडले आहे: इच्छा धनी झाली आणि माणूस तिचा चाकर झाला, ती स्थिती. देहाची ओढ जाणवली म्हणून स्वतःला अपवित्र समजणाऱ्या तरुणांना हा भेद सांगणे मंडळीचे काम आहे. तो न सांगितल्याने कित्येक जण नाहक अपराधी भावनेत जळतात.

‘देवाला न ओळखणारे लोक’ याचा अर्थ सगळे ख्रिस्तेतर लोक वासनांध, असा काढू नकोस. पहिल्याच शतकातला स्टोइक तत्त्वज्ञ मुसोनिअस रुफस हा ख्रिस्ती नव्हता, पण गुलाम स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या मालकालाही तो दोष देई. पौल इथे एका चालीचे वर्णन करतो. शेजाऱ्याला हिणवण्याचे हत्यार देत नाही.

वचन ६, पूर्वार्ध. आशय: या बाबतीत कोणी मर्यादा ओलांडून आपल्या भावाचा गैरफायदा घेऊ नये.

हे सहा वचनांचे हृदय आहे. ‘बाब’ यासाठी ग्रीक शब्द ‘प्राग्मा’. त्याचा अर्थ गोष्ट असाही होतो, व्यवहार असाही. लॅटिन भाषांतराने व्यापाराचा अर्थ देणारा शब्द ठेवला. म्हणून काहींनी मानले की पौल इथे विषय बदलून धंद्यातल्या लबाडीविषयी बोलू लागला. हा पक्ष टिकत नाही. शब्द एकवचनी आहे आणि मागच्याच गोष्टीकडे बोट दाखवतो; शिवाय सातवे वचन लगेच अशुद्धतेचे नाव घेते.

तरी शब्द बाजाराचेच आहेत, हे लक्षात ठेव. ‘गैरफायदा’ यासाठी ‘प्लेओनेक्तेइन’, म्हणजे आपल्या वाट्याहून जास्त घेणे. ताग्याचे माप कमी भरून पैसे पूर्ण घेणारा काय करतो, ते तुला सांगायला नको. जारकर्म पौलाच्या लेखी त्याच जातीचे आहे: जे आपले नाही, ते दुसऱ्याच्या नुकसानीवर घेणे.

नुकसान कोणाचे? वचन ‘भाऊ’ म्हणते. त्या काळच्या वाचकाला आधी दुसऱ्याचा नवरा किंवा बाप आठवला असेल. पण चौथ्या वचनातला ‘आदर’ सोबत वाचला की त्या स्त्रीचे नुकसान बाहेर ठेवता येत नाही. हे मी अनुमान म्हणून सांगतो, अक्षरशः लिहिलेले म्हणून नव्हे. मात्र हे अनुमान आपल्याच परंपरेने जगून दाखवले आहे. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती. उपाशी मुलींना फसवून वाईट धंद्याला लावणारी माणसे टपली आहेत, हे त्यांनी ओळखले आणि अनेक मुली-बायकांना केडगावच्या आपल्या आश्रमात नेले. पुढे वापरून टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तिथेच ‘कृपासदन’ उभारले. बोट त्यांनी त्या स्त्रियांकडे दाखवले नाही.

हेच माप इथे लाव. गांधीबागेहून थोडे पुढे, इतवारीच्या बाजूला देहविक्रीची गंगा-जमुना वस्ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी तिचे रस्ते बंद केले, तेव्हा तिथल्या बायका विरोधाला उभ्या राहिल्या. कायद्याचा वाद वेगळा. हे वचन मात्र त्या बायकांना उद्देशून नाही. त्याचा रोख विकत घेणाऱ्यावर आहे. मोबाईलवर कोणाचा उघडा देह पाहणाराही यातून सुटत नाही, कारण ते चित्र कोणाच्या लाचारीतून आले, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारायचेही नसते.

वचन ६, उत्तरार्ध. आशय: अशा सर्व गोष्टींचा प्रभू प्रतिकार करणारा आहे, हे आम्ही आधीच बजावले होते.

‘प्रतिकार करणारा’ म्हणजे रागाने सूड उगवणारा नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची दाद लावून देणारा. याचा अर्थ, गुलाम, गरीब, अनाथ, ज्यांचे गाऱ्हाणे कोर्टापर्यंत पोहोचत नाही, त्यांचा वकील प्रभू आहे.

वचन ७. आशय: देवाने आपल्याला अशुद्धतेसाठी नव्हे, तर पवित्रतेत बोलावले आहे.

‘साठी’ आणि ‘त’ हा फरक मूळ ग्रीकमध्येही आहे. पवित्रता हे दूरचे बक्षीस नाही. बोलावणे येते तेच तिच्यात. म्हणजे आधी शुद्ध होऊन मग देवाकडे यायचे, हा क्रम चुकीचा ठरतो.

वचन ८. आशय: जो हे झिडकारतो, तो माणसाला नव्हे, तर आपला पवित्र आत्मा तुमच्यात देणाऱ्या देवाला झिडकारतो.

‘झिडकारणे’ यासाठीचा ग्रीक शब्द करार रद्द करण्यालाही वापरला जाई. म्हणजे ही शिकवण पौलाची आवडनिवड नव्हे. पुढे पाठभेद आहे: काही हस्तलिखितांत ‘दिला’, काहींत ‘देत असतो’. दुसरा पाठ मला प्रकरणाशी जुळता वाटतो. ज्या इच्छेने तिसरे वचन सुरू झाले, तिची पूर्तता आठव्यात देणाऱ्याकडून होते, आणि ती रोज होते. म्हणून पडलेल्याला उठण्याची वाट मोकळी आहे. पण उठणे म्हणजे नुसते अश्रू गाळणे नव्हे. सहाव्या वचनाप्रमाणे ज्याचे किंवा जिचे घेतले, त्याच्यापुढे किंवा तिच्यापुढे आपली चूक कबूल करणे आणि शक्य ते भरून देणे हेही त्यात येते. देवाची क्षमा मागताना माणसाचे देणे बुडवता येत नाही.