पस्तीस तासांची बॅटरी

11 मार्च 2011, शुक्रवार. दुपारी 2:46
जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत समुद्राखाली 9.0 तीव्रतेचा भूकंप. फुकुशिमा दायची अणुवीज केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या, 1, 2 आणि 3, आपोआप बंद पडल्या. बाहेरून येणारी वीज गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं नियमाबरहुकूम.

दुपारी 3:05
बंद केलेली अणुभट्टी तापत राहते. तिला पाणी लागतंच. क्रमांक 3 मध्ये कर्मचाऱ्यांनी छोटा पंप सुरू केला. हा पंप अणुभट्टीच्याच वाफेवर फिरतो, त्याला बाहेरची वीज लागत नाही. मात्र त्याच्यावर ताबा ठेवायला 125 व्होल्टचा बॅटरीचा प्रवाह हवा. वीस मिनिटांनी पाणी पुरेसं झालं आणि पंप थांबला.

दुपारी 3:27
त्सुनामीची पहिली लाट. आठेक मिनिटांनी दुसरी, सुमारे 15 मीटरची. पहिल्या चार अणुभट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून 10 मीटरवर. 2008 मध्ये केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीच्याच अंतर्गत हिशेबात त्सुनामीसाठी 15.7 मीटरचा आकडा आला होता. तो पुढच्या अभ्यासासाठी पाठवला गेला. समुद्राकडची भिंत होती तेवढीच राहिली.

दुपारी 3:38
क्रमांक 3 चे जनरेटर बुडाले. 1, 2 आणि 4 च्या बॅटऱ्या तळघरात होत्या, त्याही पाण्याखाली गेल्या. 3 ची बॅटरी अर्धा मजला वर असल्यामुळे कोरडी राहिली. 1 आणि 2 च्या नियंत्रण कक्षात काळोख झाला. 3 चे काटे अजून हलत होते.

दुपारी 4:03
छोटा पंप पुन्हा चालू. बॅटरी आठ तासांच्या हिशेबाने बसवलेली, आणि आता तिला चार्ज करणारं काही उरलेलं नाही. कर्मचाऱ्यांनी भार उतरवायला सुरुवात केली. मोजमापाच्या उपकरणांचे दोन संच होते, त्यांतला एकच ठेवला. नियंत्रण कक्षातले आपत्कालीन दिवे काढले. शेजारच्या खोल्यांतल्या ट्यूबलाइट बंद केल्या. घड्याळाची वीजसुद्धा तोडली. पंप सारखा बंद-चालू केला की बॅटरी खर्ची पडते, म्हणून जादा पाणी दुसऱ्या वाटेने वळवून पंप अखंड फिरता ठेवला. या दोन दिवसांतलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच, असं मला वाटतं.

संध्याकाळ
आवारातल्या गाड्या आणि बसमधून बॅटऱ्या उपसून 1 आणि 2 च्या मापकांना जोडल्या. 3 साठी बाजूला काही ठेवलं नाही. तिची स्वतःची चालू होती.

रात्री 11:38
आठ तास पूर्ण. 3 ची बॅटरी चालूच. आपत्ती कक्षाचं लक्ष 1 आणि 2 वर होतं. 3 कडून तक्रार नव्हती.

12 मार्च, शनिवार. सकाळी 11:36
छोटा पंप अचानक थांबला.

दुपारी 12:35
पाण्याची पातळी घसरली आणि मोठा पंप आपोआप सुरू झाला. तोही वाफेवरचाच, पण खादाड. अणुभट्टीतला दाब सुमारे 7 मेगापास्कल होता. संध्याकाळी सातपर्यंत तो 1 च्या आसपास उतरला.

दुपारी 3:36
क्रमांक 1 च्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट.

रात्री 8:36
3 मधला पाण्याची पातळी दाखवणारा मापक मेला. त्याची 24 व्होल्टची बॅटरी संपली होती. इशारा म्हणायचा तर हाच. पंप फिरत होता, पण पाणी कुठवर आहे हे आता कोणालाही दिसत नव्हतं. त्या सुमारासच पुरेसं पाणी आत जाणं थांबलं असावं, हा टेपकोचा निष्कर्ष 2013 मधला.

13 मार्च, रविवार. पहाटे 2:42
दाब 0.58 मेगापास्कल. 0.69 च्या खाली मोठा पंप आपोआप थांबायला हवा होता, थांबला नव्हता. इतक्या कमी वेगाने फिरताना तो फुटला तर किरणोत्सारी वाफ बाहेर येईल, ही भीती. बेत असा: पंप हाताने बंद करायचा, सुरक्षा झडप उघडून दाब आणखी उतरवायचा आणि आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपाने पाणी सोडायचं. झडपेचा दिवा पॅनलवर पेटलेला होता, म्हणजे तिला वीज आहे असं धरलं. पंप बंद केला.

बॅटरीवर येऊन 35 तास 4 मिनिटं झाली होती.

पहाटे 2:45
झडपेची कळ फिरवली. दिवा ‘बंद’च दाखवत राहिला. 2:55 ला पुन्हा प्रयत्न. झडप हलली नाही.

दिव्याला चिमूटभर प्रवाह पुरतो, झडपेला पुरत नाही. घरातल्या बर्गलर अलार्मच्या डब्यातही हेच घडतं. आत 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. तीन ते पाच वर्षांत ती आतून झिजते. भार नसताना मीटर बारा-साडेबारा दाखवतो, हिरवा दिवा पेटलेला असतो, आणि वीज गेल्यावर भोंगा कण्हून गप्प होतो. मुख्य वीज काढून भोंगा काही मिनिटं वाजवला तरच खरं कळतं. ही चाचणी फारसं कोणी करत नाही. शेजारी काय म्हणतील!

पहाटे 3:35
मोठा पंप परत सुरू करायचा प्रयत्न. बॅटरीत तेवढी ताकद नव्हती.

पहाटे 3:44
दाब 4.1 मेगापास्कल. डिझेल पंपाचा जोर याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

पहाटे 3:55
मोठा पंप बंद केल्याचं केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांना आत्ता कळलं. निरोप आपत्ती कक्षापर्यंत आला होता. त्यांच्यापर्यंत पोचायला तास-सव्वा तास गेला.

पहाटे 5:08
छोटा पंपही सुरू होईना.

सकाळी सातच्या सुमारास
ज्यांच्या गाड्या आवारात उभ्या होत्या, त्या कर्मचाऱ्यांकडे झडपेसाठी बॅटऱ्या मागितल्या. 12 व्होल्टच्या दहा, एकामागे एक जोडल्या की 120. आदल्या दोन संध्याकाळींतही हाच हिशेब मांडता आला असता.

सकाळी 9:08 च्या सुमारास
दाब कोसळू लागला.

सकाळी 9:25
अग्निशमन बंबातून पाणी आत जाऊ लागलं. मोठा पंप बंद केल्याला 6 तास 43 मिनिटं झाली होती.

दुपारी 1:12
गोडं पाणी संपलं होतं. समुद्राचं पाणी सुरू केलं. इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनियम तापून त्याची वाफेशी रासायनिक क्रिया झाली की हायड्रोजन सुटतो, आणि तो सुटून इमारतीत वर साचत होता.

14 मार्च, सोमवार. सकाळी 11:01
क्रमांक 3 च्या इमारतीचा स्फोट. जखमी 11, त्यांत जपानी स्वसंरक्षण दलाचे जवानही. बंब आणि नळ्या निकामी. समुद्राचं पाणी थांबलं.