चावडी: मुक्कामाची की वसुलीची?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला चावडी म्हटलं की तलाठी आणि शेतसारा आठवतो. कराडात तर चावडी चौकच आहे. हाच शब्द मद्रासकडे गेला की वाटसरूंच्या मुक्कामाची जागा होतो. इंग्रजांनी त्याचंच ‘चौल्ट्री’ केलं. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही चौल्ट्री आणि आपली चावडी एकाच नोंदीत नांदतात.

त्या कोशाची पुढची आवृत्ती ‘चतुर्’ आणि ‘वाट’ अशी फोड देते: चार रस्ते मिळतात ती जागा. मला पटत नाही. चार रस्त्यांसाठी मराठीनं ‘चव्हाटा’ ठेवलाच आहे आणि त्यात ट शाबूत आहे. मग चावडीत ड कुठला? वाटिकेची वाडी होते तसं, ‘वाट’ म्हणजे कुंपणातली जागा धरली तर ड जुळतो. पण मग रस्ते सुटतात आणि नुसतं आवार उरतं. ते मूळ काही असो, शब्द आपल्याकडे आला तो कन्नडमधून, मिरज-जतच्या वाटेनं, अशी माझी पैज.

आधी कचेरी होती, मग तिच्या सोप्यात वाटसरू टेकले, असं कुणी म्हणेल. मला ते उफराटं वाटतं. गावात मुक्कामाला येणारा परका बहुधा सरकारचाच: कारकून, शिलेदार, जासूद. तो पथारी टाकी तिथेच हिशेब मागे. यजमान पाटील, पण लाकूडफाटा, घोड्याची वैरण, पुढच्या गावापर्यंतची सोबत हे सगळं वेसकर महाराच्या माथी. मद्रासेतही सतराव्या शतकात इंग्रजांचे न्यायाधीश चौल्ट्रीतच बसत. पुढे दक्षिणेत मुक्काम उरला, आपल्याकडे दप्तर.

ज्या समाजाकडे परक्यांची ही सरबराई होती, त्याची मुलं प्रवासाला निघाली तर? 1901 मध्ये भीमराव आंबेडकर आणि सोबतची मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. महारांची मुलं म्हटल्यावर कुणी गाडी देईना; दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, पण तो पायी चालणार आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. शिदोरी भरलेली होती, पण नाकेदारानं पाणी दिलं नाही आणि मुलं उपाशीच झोपली. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.